दुर्जनाचं नाव आणि ईयोबचा सवाल
दुर्जनाचं नावही उरत नाही, असं म्हणतात. बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकात (१०:७) तसं आहे खरं. मूळ हिब्रू क्रियापद तर थेट 'कुजणं' असं आहे. पण हे एवढ्यावर मिटत नाही. बायबलमधल्याच ईयोब या पुस्तकात, सगळं गमावून आजारी पडलेल्या नीतिमान ईयोबला त्याचा मित्र बिल्दद १८व्या अध्यायात हेच ऐकवतो (आजाऱ्यासमोर बसून!), तेव्हा २१व्या अध्यायात ईयोब उलट विचारतो: दुष्ट म्हातारे होईतो सुखात जगतात, थाटात पुरले जातात, थडग्यावर पहारा असतो, त्याचं काय? शिक्षा मुलांना मिळते म्हणाल, तर ती ज्याची त्यालाच का नको? मला ईयोबचंच पटतं. बायबलच्याच उपदेशक या पुस्तकातही (८:१४) नीतिमानांच्या वाट्याला दुर्जनांचं फळ येतं, अशी तक्रार आहेच.