पहिल्या क्रूझला कोणती कागदपत्रं लागली? तुमचे अनुभव लिहा

क्रूझवर कपडे कोणते न्यावेत, बाल्कनीची केबिन घ्यावी की आतली, यावर भरपूर चर्चा होते. कागदपत्रांचा विषय मात्र "पासपोर्ट घ्या, झालं" एवढ्यावर आटोपतो आणि बाकीचं माणसाला टर्मिनलच्या काउंटरवर कळतं. विमानप्रवासाची सवय असलेल्यांची तर जास्तच फसगत होते. विमान एका देशातून उडतं आणि दुसऱ्या देशात उतरतं. जहाज आठवडाभरात तीन-चार देशांच्या बंदरांना लागतं आणि बरेचदा निघालं तिथेच परत येतं. त्यामुळे कागद ठरतात ते जहाजाच्या मार्गावरून, नुसत्या सुटण्याच्या बंदरावरून नाही.

म्हणून हा धागा. तुमच्याकडे काय मागितलं, कशाचा उपयोग झाला, कुठे अडलं, ते लिहा. उपदेश कमी, अनुभव जास्त. आणि कंपन्यांची नावं घेऊन भांडण नको, कृपया.

सुरुवात मी करते. आमचं जहाज रोमजवळच्या चिव्हिताव्हेक्कियाहून सुटून ग्रीसच्या बेटांवरून तुर्कस्तानातल्या कुशादासीला जाणार होतं आणि तिथून परत इटलीत. पैसे भरायच्या आधी मी मार्गातली सगळी बंदरं एका कागदावर उतरवली आणि प्रत्येकासमोर आमच्या पासपोर्टला कुठला व्हिसा लागतो ते लिहिलं. गोम कुशादासीत होती. तुर्कस्तान शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. जहाज तिथे गेलं की आपण शेंगेनमधून बाहेर पडलो आणि परतताना दुसऱ्यांदा आत आलो. त्यामुळे सिंगल एंट्री व्हिसा चालत नाही, मल्टिपल लागतो. अर्जासोबत मी सगळ्या बंदरांची नावं आणि तारखा असलेलं बुकिंगचं पत्र जोडलं होतं. टर्मिनलवर आमच्या पुढच्या जोडप्याकडे सिंगल एंट्री होता. त्यांना जहाजावर घेतलं नाही. बाईंचा चेहरा अजून आठवतो. आमचं मात्र दोन मिनिटांत झालं.

*

कुशादासीसारखंच कोटोरचं. ते माँटेनेग्रोत आहे, शेंगेनच्या बाहेर. उलट क्रोएशियातल्या डुब्रॉव्हनिकसाठी जुने लेख वाचून घाबरू नका. क्रोएशिया २०२३च्या १ जानेवारीपासून शेंगेनमध्ये आहे. आंतरजालावरची बरीच माहिती त्याआधीची आहे, तारीख बघून वाचा.

*

आमचा अनुभव अलास्काचा. सिएटलहून निघून सिएटललाच परत, मधे जूनो, स्कॅगवे, केचिकन. सगळं अमेरिकेतलंच, म्हणून माझा भाऊ म्हणत होता की अमेरिकेचा व्हिसा पुरे. पण वेळापत्रकात शेवटून दुसऱ्या ठिकाणी व्हिक्टोरिया होतं, संध्याकाळचे काही तास. ते कॅनडात. एवढ्या वेळासाठी आम्ही खाली उतरणारही नव्हतो, तर व्हिसा कशाला, असं कंपनीला मेलवर विचारलं. लेखी उत्तर आलं: उतरा वा नका उतरू, कॅनडाचा व्हिसा हवा, आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्रीचा हवा, कारण तुम्ही अमेरिकेत परत येताय.

मला हे व्हिक्टोरियाचं कोडं सुटेना, म्हणून शोधलं. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं. बहुतेक मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा वगैरे देशांत नोंदलेली. म्हणून ते कॅनडातलं बंदर. म्हणजे सव्वाशे वर्षांहून जुन्या कायद्यापायी आम्ही एक जादा व्हिसा काढला! पण मेलची प्रिंट जवळ होती, काउंटरवर वाद घालायची वेळच आली नाही.

*

माझे मामेभाऊ अमेरिकन नागरिक आहेत. ते कॅरिबियनच्या क्रूझला पासपोर्टशिवाय गेले. अमेरिकेच्या एकाच बंदरातून निघून तिथेच परतणारी क्रूझ असेल, तर त्यांच्या नागरिकांना जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्रावर परत येता येतं. पण ही सवलत त्यांच्यासाठी, त्यांच्याबरोबर जाणाऱ्या आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी नाही. आणि वाटेतल्या बेटावर जहाज चुकलं, तर पुढे विमानानं घरी यायला पासपोर्ट लागतोच. वहिनी आता पासपोर्टाशिवाय निघायला तयार नाहीत.

*

मी एकटीनं मुलीला घेऊन गेले होते, नवरा कामामुळे येऊ शकला नाही. बुकिंगच्या कागदांत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की अल्पवयीन मूल एकाच पालकाबरोबर असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र मागितलं जाऊ शकतं. "जाऊ शकतं" हे शब्द मला कधीच आवडत नाहीत. त्याच्याकडून पत्र लिहून घेतलं, नोटरी केलं, मुलीचा जन्मदाखला आणि त्याच्या पासपोर्टची प्रत जोडली. पत्रात जहाजाचं नाव, तारखा, बंदरं आणि त्याचा फोन नंबर. निघताना कुणी विचारलंही नाही. दुसऱ्या देशाच्या बंदरावर मात्र अधिकाऱ्यानं मुलीलाच विचारलं, "बाबा कुठेत?" तिनं उत्तर द्यायच्या आत मी पत्र पुढे केलं. आजी-आजोबा नातवंडांना नेणार असतील तर त्यांनीही दोन्ही पालकांचं पत्र घ्यावं.

*

फक्त एवढंच: पासपोर्ट मोठ्या बॅगेत ठेवू नका. टर्मिनलवर हमाल मोठं सामान आधीच घेतात आणि ते केबिनच्या दाराशी दुपारी उशिरा, कधी संध्याकाळी येतं. सामानाचे टॅग लावून बॅग दिली की ती गेली. आमच्या रांगेत एक गृहस्थ घाम पुसत बॅग शोधत होते.

*

मी बुकिंगच्या कामात आहे, म्हणून काउंटरच्या दुसऱ्या बाजूनं लिहितो.

सर्वात जास्त घोळ नावाचा. पासपोर्टवर आहे तेच नाव बुकिंगवर हवे, अक्षर न अक्षर. लग्नानंतरचे नाव बुकिंगवर आणि माहेरचे पासपोर्टवर, असे दर मोसमात कुणीतरी येते. विवाह नोंदणीचा दाखला जवळ असेल तर कधी निभावते, पण त्यावर विसंबू नये. बुकिंगच पासपोर्टप्रमाणे करावे. मधले नाव पासपोर्टात असेल तर विचारून घ्यावे. दुसरे, मुदत. सफर संपल्यानंतर पासपोर्ट निदान सहा महिने वैध असावा, अशी अट बऱ्याच कंपन्या आणि देश घालतात. मुलांचे पासपोर्ट कमी मुदतीचे असतात, तिथे नजर चुकते.

लोक चिडतात ते वेळेवरून. "जहाज समोर उभं आहे आणि तुम्ही आत सोडत नाही?" कारण असे की प्रवाशांची अंतिम यादी सरकारला द्यावी लागते. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजाने ती सुटण्याच्या किमान ६० मिनिटे आधी पाठवायची असते. यादी गेली की दार बंद. म्हणूनच ऑनलाइन चेक-इन आधी करायला सांगतात. पासपोर्टचा तपशील, फोटो, तातडीच्या वेळी कळवायचे नाव, सगळे त्यात भरले जाते. मग बोर्डिंग पास आणि सामानाचे टॅग छापता येतात. फोनवर ठेवा, पण एक छापील प्रतही ठेवा. टर्मिनलवर फोनची बॅटरी संपलेला माणूस मी रोज पाहतो.

*

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर. खर्चाच्या खात्यासाठी क्रेडिट कार्ड प्रत्यक्ष जवळ हवं. जहाजावर रोख चालत नाही, सगळं जहाजानं दिलेल्या कार्डावर. ते कार्ड म्हणजे केबिनची किल्ली, पाकीट आणि जहाजावर चढाउतरायचा पास. त्यावर आणीबाणीत जमायच्या जागेचा क्रमांकही असतो. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया उलटल्यावर नियम कडक झाले. २०१५पासून त्या जागी जमायचा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घ्यावाच लागतो. नवऱ्यानं टाळायचा प्रयत्न केला, तर केबिनमध्ये फोन आला.

*

गरोदरपणात गेले होते म्हणून लिहिते. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की सफरीच्या कुठल्याही दिवशी चोविसावा आठवडा लागत असेल तर घेत नाहीत. लक्षात घ्या, मोजणी निघायच्या दिवशीची नाही, परतायच्या दिवसापर्यंतची. मी बरीच आधी होते, तरी डॉक्टरांचं पत्र मागितलं. त्यात प्रसूतीची अपेक्षित तारीख, आठवडे आणि प्रवासाला हरकत नाही हे स्पष्ट लिहिलेलं हवं होतं. डॉक्टरांनी आधी नुसतं "प्रकृती उत्तम" लिहून दिलं होतं, ते परत लिहून घेतलं.

तान्ह्या बाळांनाही वयाची अट असते. साधारणपणे सहा महिने पूर्ण हवेत, महासागर ओलांडणाऱ्या सफरींना वर्ष.

*

वडिलांना घेऊन गेलो होतो. मधुमेह, रक्तदाब आणि रात्री श्वासाचं यंत्र. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांनिशी, आणि हे सगळं हातातल्या पिशवीत. यंत्राबद्दल कंपनीचा फॉर्म आधी भरला होता, त्यामुळे केबिनमध्ये एक्स्टेंशन वायर तयार होती. विम्याचे कागद तपासतील असं वाटलं नव्हतं, पण विचारले. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं लागतं आणि समुद्रातून माणूस हलवायचा तर खर्च प्रचंड. पॉलिसीत क्रूझचा उल्लेख आहे का, हे बघा. साध्या प्रवासविम्यात तो नसतोही.

*

दक्षिण अमेरिका किंवा आफ्रिकेचा मार्ग असेल तर पीतज्वराच्या लसीचं पिवळं कार्ड. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, लस घेऊन दहा दिवस होईपर्यंत प्रमाणपत्र ग्राह्य नाही. आमच्याकडे जुनी कार्डं होती, त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली. २०१६च्या जुलैपासून ती आयुष्यभर ग्राह्य झाली आहेत, तरी एका बंदरावर समजावून सांगावं लागलं.

*

सिंगापूर-मलेशिया-थायलंड मार्गावर व्हिसाखेरीज प्रत्येक देशाचं आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागलं. सिंगापूर आणि मलेशियाचं पोचण्याच्या तीन दिवस आतलं, थायलंडचं २०२५च्या मेपासून सुरू झालेलं. गंमत म्हणजे सिंगापूरला परत आल्यावर पुन्हा भरायचं, कारण तो नवा प्रवेश. ही कार्डं फुकट असतात. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स पहिल्या दिसतात, सरकारी पत्ता नीट बघा. जहाजावरचं इंटरनेट रडतखडत चालतं, म्हणून मुलीनं शेवटच्या बंदरावरच भरून टाकलं.

*

पासपोर्ट खाली उतरताना जवळ ठेवायचा की जहाजावर? आमच्या सफरीत त्यांनी चढतानाच सगळ्यांचे पासपोर्ट काढून घेतले, बंदरांवरची तपासणी एकदम करायची म्हणून. पहिल्यांदा छातीत धस्स झालं. पावती देतात, ती जपा. आम्ही रंगीत प्रत आणि दुसरं फोटो ओळखपत्र घेऊन फिरलो.

*

मी उलट म्हणतो. परत देतात तिथे मी तो बरोबरच नेतो. जहाज चुकलं तर? असं ऐकलंय की माणूस आला नाही तर कर्मचारी तिजोरीतून पासपोर्ट काढून कंपनीच्या बंदरावरच्या प्रतिनिधीकडे देतात, पण त्यावर माझा भरवसा नाही. तुमचं तुम्ही ठरवा. प्रतिनिधीचा फोन रोजच्या पत्रकावर असतो, त्याचा फोटो मात्र दोन्ही पक्षांनी काढावा.

*

धागाकर्ती: नदीच्या क्रूझवर कुणी गेलंय का? तिथे हे सगळं असतं?

*

असतं. डॅन्यूबवर आम्ही बुडापेस्टहून बेलग्रेडच्या दिशेनं गेलो. सर्बिया शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे मल्टिपल एंट्रीचा प्रश्न नदीतही आलाच. टर्मिनल, रांगा, वजनं काही नाही, रिसेप्शनवर पासपोर्ट दिला की झालं. मात्र हंगेरीच्या सीमेवर मोहाच नावाच्या ठिकाणी अधिकारी बोटीवर येतात आणि चेहरा पासपोर्टशी ताडून पाहतात. आमची पाळी मध्यरात्रीनंतर आली. सगळी बोट पायजम्यात आणि गाउनात रांगेत उभी, आणि आमच्या सासूबाई तेवढ्यातही केस विंचरून आल्या होत्या, फोटोत विंचरलेले आहेत म्हणून.