म्हणे उपाध्यक्ष म्हणजे स्टेपनी!

जुनाट_चष्मा: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "अध्यक्ष गेला म्हणून खुर्ची मिळालेले उपाध्यक्ष म्हणजे स्टेपनी, त्यावर गाडी फार लांब जात नाही." डोकंच फिरलं. अमेरिकेत असे नऊ झाले, आठ जण अध्यक्ष वारल्यामुळे आणि फोर्ड निक्सनच्या राजीनाम्यामुळे. त्यातले थिओडोर रूझवेल्ट, कूलिज, ट्रुमन, लिंडन जॉन्सन पुढे स्वतःच्या जोरावर निवडून आलेत. आणि आर्थर? वशिल्याच्या राजकारणात मुरलेला माणूस, 1878 मध्ये न्यूयॉर्कच्या कस्टम्समधून काढून टाकलेला. हा उपाध्यक्ष असताना 1881 मध्ये अध्यक्ष गारफिल्डला गोळी घातली ती नोकरी मिळाली नाही म्हणून पिसाळलेल्या एकाने, आणि 1883 मध्ये याच आर्थरने सरकारी नोकऱ्या परीक्षा घेऊन भरायच्या कायद्यावर सही केली. ही स्टेपनी?

चौथा_गिअर: तो महाशय मीच, आणि अजूनही तेच म्हणतो. चार मोजलेत, बाकीचे पाच कुठे गेले? अँड्र्यू जॉन्सन 1868 मध्ये महाभियोगातून एका मताने वाचला. फोर्ड 1976 ला हरला. टायलरला तर स्वतःच्याच पक्षाने हाकललं. सोयीचं तेवढं बरोबर आठवतं तुम्हाला.

प्रभारी_कायमचा: टायलरला काही बोलायचं नाही हां. 1841 मध्ये अध्यक्ष हॅरिसन महिन्याभरात गेले, हा त्यांचा उपाध्यक्ष, आता उपाध्यक्ष अध्यक्ष होतो की नुसतं काम बघतो हे घटनेत धड लिहिलेलंच नव्हतं, आणि 'कार्यकारी अध्यक्ष' असा पत्ता घालून आलेली पत्रं हा गडी न उघडता परत पाठवायचा. मला विचारा त्याची किंमत. आमचे साहेब अचानक गेले, दुसऱ्या दिवशी किल्ल्या माझ्या हातात, टेबलावर त्यांचा चष्मा तसाच उघडा. साडेतीन वर्षं झाली, सह्या मी करतो, बोलणी मी खातो, पगार जुन्याच पदाचा आणि पाटीवर कंसात 'प्र.'

लेखणी_ताई: दादा, विषय काय आणि तुम्ही काय! पण काढलाच आहे तर सांगते, आपल्याकडे उपराष्ट्रपती 'प्र.'च राहतो आणि तेच बरोबर आहे, सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागते. 1969 मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरींकडे कारभार आला, त्यांनी निवडणूक लढवायला राजीनामा दिला तर सरन्यायाधीश हिदायतुल्लांना बसवावं लागलं. प्रभारीचा प्रभारी!

प्रभारी_कायमचा: आणि गिरी निवडून आलेच ना? मला द्या की सहा महिन्यांची मुदत! इथे फाईल कुणाच्या टेबलावर झोपलीये तेही कुणी सांगत नाही.

चौथा_गिअर: झालं, रडगाणं सुरू. इथे देशाचं चाललंय, तुमच्या पाटीचं नाही.

प्रभारी_कायमचा: तुम्ही कधी रात्रीत दुसऱ्याच्या खुर्चीत बसलायत का? नाही ना? मग गप्प बसा.

जुनाट_चष्मा: अहो भांडू नका. त्यांचं म्हणणं अगदीच विषय सोडून नाहीये. ट्रुमन फक्त 82 दिवस उपाध्यक्ष होता. अणुबॉम्बची धड माहिती त्याला मिळाली ती 25 एप्रिल 1945 ला, अध्यक्षपदाची शपथ घेऊन जवळजवळ दोन आठवडे झाल्यावर. वरच्याने हाताखालच्याला काही सांगायचंच नाही आणि मग तो चाचपडला की आपण म्हणायचं, बघा, स्टेपनी!

प्रभारी_कायमचा: साहेबांनी कॉम्प्युटरचा पासवर्ड पण सांगितला नव्हता. चार दिवस गेले त्यात.

चौथा_गिअर: बरं बाबा, आर्थर तुमचा. ट्रुमन पण घ्या, वर नारळ देतो. अँड्र्यू जॉन्सन मात्र माझ्याकडेच राहील, तो कुणी मागत पण नाहीये म्हणा.

लेखणी_ताई: प्रभारीदादा, एक विचारू? टायलरसारखं तुम्ही कधी पाकीट परत पाठवलंत का?

प्रभारी_कायमचा: एकदा. 'प्र.' बघून डोकं सटकलं, न उघडताच परत केलं. आत माझ्या रजेची मंजुरी होती.