१ लाख ८ हजार किमी चाललेली झेड४ (ई८९ पिढीची) घ्यायच्या आधी काय काय तपासावं?

रंकाळा_राईड

नमस्कार मंडळी. पुण्यात एका डीलरकडे बीएमडब्ल्यू झेड४ एसड्राईव्ह ३५आय बघायला जायचंय. नोंदणी २०११ ची, एमएच-१२, तिसरा मालक, १ लाख ८ हजार किमी. ७-स्पीड डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पेट्रोल. फोटोत गाडी स्वच्छ दिसते. सर्व्हिस बुकात ७० हजारांपर्यंतचे शिक्के आहेत, पुढची कामं ‘बाहेर केली’ असं डीलर म्हणतो. छत कधी कधी मध्येच थांबतं, ‘सेन्सरचं असेल, किरकोळ आहे’ हेही त्यानंच सांगितलं.

गाडी रोज वापरायची नाही. पन्हाळा, राधानगरी, गगनबावडा अशी फिरायची. प्रश्न एवढाच की शनिवारी समोर उभं राहिल्यावर नेमकं काय, कोणत्या क्रमानं बघू? आणि छताचा प्रकार खरंच किरकोळ असतो का?

---

उद्यमनगर_हायड्रॉलिक

दादा, ‘सेन्सरचं असेल’ हे वाक्य ऐकून पैसे मोजू नका. बरोबरही असू शकतं, पण ते तपासून ठरवता येतं.

या गाडीचं छत कापडी नाही, ॲल्युमिनियमच्या दोन तुकड्यांचं आहे आणि तेलाच्या दाबावर घडी होऊन डिकीत बसतं. नीट असेल तर उघडायला साधारण २० सेकंद लागतात. आधी डिकीतला सामानाचा आडवा पडदा खाली, जागेवर बसलाय का बघा. तो नीट बसला नसेल तर छत हलणारच नाही, आणि त्यात दोष काही नाही. मग इंजिन चालू ठेवूनच छत उघडा. बॅटरीवर उघडलं तर व्होल्टेज पडतं आणि चांगलं छतही अडखळतं. मल्टीमीटर सोबत न्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.५ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला पाहिजे.

आता कान देऊन ऐका. छत दर वेळी त्याच जागी थांबतं आणि पंपाचा आवाजही त्याच क्षणी बंद होतो, असं असेल तर स्विच, सेन्सर किंवा वायर. डिकीच्या बिजागरीजवळ जिथं वायरिंग दुमडतं तिथं आतून तार तुटते, वरचं रबर शाबूत दिसतं. हे काम खरंच आवाक्यातलं. पण पंप घुर्र करत चालूच आहे आणि छत मात्र रेंगाळतंय, अर्ध्यात लटकतंय, तर तेल कमी आहे, छत उचलणाऱ्या सिलिंडरचे सील गेलेत किंवा पंपच दमलाय. दोन्ही बाजू सारख्या वेगानं उचलतात का तेही बघा. एक बाजू मागं राहून छत पिळत असेल तर तिथंच थांबवा, सांध्यांवर ताण येतो.

डिकीचं अस्तर बाजूला करून पंपाची टाकी, पाइपांचे जोड आणि प्रत्येक सिलिंडरचा दांडा पांढऱ्या टिश्यूनं पुसा. तेलाचा डाग उमटला की सील गळतोय. ओलावा आणि तेल यांत गल्लत करू नका, दोन्ही वेगवेगळे आजार आहेत.

छत लागोपाठ दोनदाच चालवा. चार-पाच वेळा केलंत तर पंप तापून संरक्षणासाठी स्वतःच बंद होतो, आणि तुम्हाला वाटेल बिघडलं.

राहिलं पाणी. गगनबावड्याला जाणार म्हणता, कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस तिथंच. छत बंद करून रबराच्या कडेनं असलेल्या पन्हळीत बाटलीनं सावकाश लिटरभर पाणी सोडा आणि गाडीखाली ते बाहेर पडतंय का बघा. पडलं नाही तर निचऱ्याची नळी पानं-मातीनं तुंबलीय आणि ते पाणी आत कुठंतरी जातंय. सीटमागचा गालिचा, डिकीचा तळ, दाराच्या खालची कड, सगळीकडं हात घालून बघा. रबराच्या पट्ट्या बोटानं दाबा. कडक पडून भेगाळलेल्या असतील तर पट्ट्या बदलण्याचा खर्च भावात धरा.

---

सहा_सिलिंडर

छताचं वर आलंच आहे, मी इंजिनावर बोलतो. हे बीएमडब्ल्यूचं एन५४ इंजिन, ३ लिटर, दोन टर्बो, थेट इंजेक्शन, ३०६ अश्वशक्ती. इंजिन म्हणून दणकट, पण त्याच्या भोवतीचे भाग ठरावीक क्रमानं जातात. १ लाख ८ हजाराला बरेचसे बदलून झालेले असले पाहिजेत. म्हणून ‘किती चाललीय’ यापेक्षा ‘काय काय बदललंय, बिल दाखवा’ हा प्रश्न धरून बसा. ७० हजारांनंतरची बिलं नसतील तर काहीच बदललेलं नाही असं धरून भाव करा.

जायच्या आधी डीलरला सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नकोस. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा, कोमट लागला तर इंजिन थंड होईपर्यंत बाकीची तपासणी करा. थंड इंजिनाला स्टार्टर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त फिरवावा लागत असेल तर उच्च दाबाच्या इंधन पंपावर पहिला संशय. स्कॅनरवर (गाडीचा संगणक वाचणारं यंत्र) रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या पेट्रोलचा दाब, बघा. ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असताना ५० बारच्या आसपास स्थिर हवं, जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर वर चढलं पाहिजे. खाली कोसळत असेल तर पंप, किंवा त्याला इंधन पुरवणारा टाकीतला पंप.

इंजेक्टर पिझो प्रकारचे आहेत आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या येत गेल्या. प्रत्येकावर आवृत्तीचा क्रमांक असतो, ११ किंवा १२ असेल तर नंतरचे. बदलताना प्रत्येक इंजेक्टरवरचा जुळवणीचा आकडा संगणकात भरावा लागतो. तो न भरता बसवले तर इंजिन खडबडतं आणि मग उगाच कॉइल, प्लग बदलत बसतात.

आता ज्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरीन ती गोष्ट. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅस्केट. पुढच्या बाजूला आहे, कडक होऊन गळतं, आणि तेल थेट इंजिनाच्या पट्ट्यावर (बेल्टवर) टिपकतं. तेलकट पट्टा सुटतो, फाटतो, आणि त्याचे धागे क्रँकच्या पुढच्या सीलमधून आत ओढले जातात. ते तुकडे ऑइल पॅनमधल्या जाळीत अडकले की तेलाचा दाब जातो. एका साध्या रबरापायी इंजिन उघडायची वेळ येते. टॉर्च मारून हाउसिंगखालचा भाग आणि पट्ट्याची आतली बाजू बघा. ओलं दिसलं तर गॅस्केट आणि पट्टा दोन्ही बदलायचे, एकच नाही.

पाण्याचा पंप पट्ट्यावर नाही, विजेवर चालतो. त्यामुळं आवाज नाही, थेंब नाही, एक दिवस सरळ बंद. गगनबावड्याजवळच्या करूळ घाटात चढताना हे झालं तर जागेवर थांबावं लागतं. या किलोमीटरला पंप आणि थर्मोस्टॅट बदलल्याचं बिल नसेल तर गाडी घेतल्या घेतल्या दोन्ही एकत्र बदला. नवा बसवल्यावर हवा काढायची पद्धत ठरलेली आहे: इंजिन बंद, इग्निशन चालू, हीटरचं तापमान सगळ्यात वर, पंखा सगळ्यात कमी, ॲक्सिलरेटर १० सेकंद पूर्ण दाबून धरायचा. पंप आपोआप साधारण १२ मिनिटं फिरतो. ज्या मेकॅनिकला हे माहीत नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नका. आणि स्कॅनरवर पाण्याचं तापमान १०० ते ११० दिसलं तर घाबरू नका, हे इंजिन मुळातच गरम चालतं.

टर्बोसाठी: इंजिन गरम झाल्यावर हलका ॲक्सिलरेटर सोडताना पत्रा खडखडल्यासारखा आवाज आला तर वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) दांडी झिजलीय. नुसता आवाज असेल तर काही काळ चालतं. पण ३०एफएफ कोड आला म्हणजे हवेचा दाब पुरेसा तयार होत नाही. लगेच टर्बो बदलायचा म्हणू नका, आधी धूर सोडून पाइपांची गळती तपासा. टर्बोची हवा इंजिनाकडं नेणारा प्लॅस्टिकचा चार्ज पाइप तडकतो, विशेषतः कुणी ट्यूनिंग करून ताकद वाढवली असेल तर. ट्यूनिंग केलंय का हे स्पष्ट विचारा आणि इंजिनाच्या वायरिंगवर कापलेल्या, टेप गुंडाळलेल्या जागा शोधा.

गाडी दहा मिनिटं जागेवर नुसती चालू ठेवून एकदम ॲक्सिलरेटर द्या, कुणाला तरी मागं उभं करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. डिपस्टिक नाही, तेलाची पातळी स्क्रीनवर बघावी लागते. एकूण ६.५ लिटर लागतं.

इनटेक व्हॉल्व्हवर काजळी बसणं थेट इंजेक्शनमुळं अटळ आहे, कारण पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही. अक्रोडाच्या टरफलाच्या भुकटीनं सफाई करतात. हा दोष समजू नका, ठरलेला खर्च समजा.

डीसीटी मात्र पूर्ण गरम करून तपासा, अर्धा तास तरी गाडी चालवा. ब्रेक सोडून रांगताना धक्के, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना थरथर, रिव्हर्स घालायला उशीर, यांतलं काही दिसलं तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारा. ‘आयुष्यभर चालतं’ हे उत्तर मान्य करू नका.

---

रंकाळा_राईड

दोघांचे मनापासून आभार, हे सगळं छापून नेणार. आणखी दोन शंका. किमी मागं फिरवलेत का हे कसं कळेल? आणि पुरात बुडालेली गाडी असेल तर? पुण्यात जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला पाणी शिरलं होतं, म्हणून भीती वाटते.

---

घाटवाट

भीती रास्त आहे. आपल्याकडच्या ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरानंतरही कितीतरी गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या शहरात विकल्या गेल्या. गाडी कुठल्या शहरातली आहे यावर जाऊ नका, सगळ्याच तपासा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागात मातकट रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं, ती जागा कुणी धूत नाही. सीट पुढं-मागं करून रुळांचे बोल्ट बघा. गंजले असतील किंवा पान्याचे ताजे ओरखडे असतील तर सीट काढून आतला गालिचा वाळवलाय. डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरिंगच्या जोडांवर पांढरट-हिरवट पूड आहे का बघा. ओपन गाडीत एक घोळ आहे: आतला ओलावा छताच्या गळतीनंही येतो. फरक असा की छताचं पाणी कडेनं उतरून सीटमागं आणि डिकीत साठतं. पुराचं खालून वर चढतं, त्यामुळं डॅशबोर्डच्या आतल्या कोपऱ्यांत आणि हेडलाइटच्या तळाशी बारीक गाळ सापडतो.

किमीसाठी फक्त मीटर बघू नका. या पिढीच्या बीएमडब्ल्यूत आकडा मीटरशिवाय चावीचं-इमोबिलायझरचं मॉड्यूल, म्हणजे सीएएसमध्येही असतो. शिवाय बहुतेक जुन्या फॉल्ट कोडसोबत (बिघाडाच्या नोंदीसोबत) तो किती किमीला आला ते नोंदलेलं असतं. मीटर १ लाख ८ हजार दाखवतंय आणि एखादा कोड १ लाख ३५ हजाराचा निघाला तर निकाल तिथंच लागला. त्यासाठी फक्त इंजिनाचे कोड वाचणारा साधा डोंगल पुरत नाही, बीएमडब्ल्यूची सगळी मॉड्यूल उघडणारा स्कॅनर असलेला माणूस सोबत न्या. कोड नुकतेच पुसले असतील तर तेही संशयास्पद, छत थांबतं म्हणताय आणि छताच्या मॉड्यूलमध्ये एकही नोंद नाही, असं होत नाही.

चौकटीसाठी: दार उघडताना काच थोडी खाली सरकते, बंद केल्यावर वर जाऊन छताच्या रबरात बसते. दोन्ही बाजूंना ती सारखी बसते का? छत आणि काचेच्या चौकटीतली फट डावी-उजवीकडं वेगळी असेल तर अपघाताचा माग काढा. पक्कं छप्पर नसलेल्या गाडीत सगळा ताण तळावर येतो, तळ एकदा वाकला की छत परत कधीच नीट जुळत नाही. गाडी लिफ्टवर घ्याच, गतिरोधकांवर घासलेला तळ तेव्हाच दिसतो.

टायर रनफ्लॅट (पंक्चर होऊनही थोडं अंतर चालणारे) आहेत का? डिकीत स्टेपनी नसते. पुढं-मागं मापं वेगळी असतात, त्यामुळं अदलाबदल करता येत नाही. बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा, २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर दिसली तरी इतका जुना टायर बदलायचाच.

---

एमएच०९_कागदपत्र

यंत्राचं सगळं आलं, कागदाचं राहिलं आणि तिथं मोठा आकडा लपलाय. २०११ ची नोंदणी म्हणजे २०२६ मध्ये १५ वर्षं. ही गाडी पूर्ण बांधून परदेशातून आलेली. आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये आहे, साध्या गाडीला ५,००० पडतात. वर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. आरसीवरची मुदतीची तारीख बघून हा खर्च कुणाचा ते आधीच लिहून घ्या.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलनं परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून बघा. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा.

विम्याची चालू पॉलिसी मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस बघा. ५० टक्के असेल तर त्या मालकानं सलग पाच वर्षं तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम घेतलेला नाही. शून्य असेल तर मागच्या वर्षी क्लेम झाला होता का, झाला असेल तर कशाचा, ते विचारा, आणि तपशील विमा कंपनीकडून मागवायला मालकाला सांगा.

---

उद्यमनगर_हायड्रॉलिक

एक राहिलं. सिलिंडर गळतोय असं निघालं तर डीलर ‘अख्खा सेट बदलावा लागेल’ म्हणून घाबरवेल किंवा उलट काहीच नाही म्हणेल. दोन्ही खरं नाही. सिलिंडर काढून आतले सील बदलता येतात. आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला हायड्रॉलिक सील मापानं बनवून देणारे आहेत. दांड्यावर ओरखडा नसला पाहिजे, असला तर नवा सील महिन्यात परत फाटतो. सील देताना तेलाची जात सांगा. या पंपात खनिज हायड्रॉलिक तेल चालतं, कुणी ब्रेक ऑइल ओतलं असेल तर सगळे सील फुगून निकामी झालेले असतात. टाकीतलं तेल वासानं आणि रंगानं ओळखू येतं, नुसतं बोट बुडवून बघा.

शनिवारी छत कुठं थांबतं त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, पंपाचा आवाज येईल असा, आणि इथं टाका. इंजिन चालू की बंद, बॅटरी किती व्होल्ट, हेही लिहा. टोकन त्यानंतर द्या.