पोरांना हवामानाचं टेन्शन येतंय, की आपणच देतोय?

गंगापूररोडची आई: मुलगी दहावीत आहे. रात्री दीडला पाणी प्यायला उठले तर हिच्या पांघरुणात उजेड, हिमनद्या कोसळतानाचे व्हिडिओ चालू. एसी लावला की जाऊन बंद करते आणि मग घामाघूम होऊन चिडचिड. परवा सासूबाई म्हणाल्या, अगं गंगेला (नाशिकची आपली गोदावरी) पूर काय आजच येतो का, 2008 ला नदीतला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा तुझा जन्म पण नव्हता. तर म्हणते, आजी तो पूर येऊन गेला गं, माझे अजून यायचेत. मला काही बोलताच आलं नाही. नवरा म्हणतो मोबाईल काढून घे. मला वाटतं बोलू द्यावं तिला. तुम्ही काय करता?

निफाडचा बागायतदार: ताई राग मानू नका, पण एसी बंद करणं वगैरे ही चैनीची दुखणी आहेत. 26 नोव्हेंबर 2023 ला आमच्याकडे गारा पडल्या, द्राक्षाच्या पानांची पार चाळण झाली, घड खाली, सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर. रडायला वेळ कुणाला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीला लागलो. माझा पोरगा तेव्हा आठवीत होता, अजूनही आभाळ भरून आलं की भरलं ताट सारून ओट्यावर जाऊन बसतो. म्हणून काय आम्ही गाजावाजा केला का त्याचा?

सिडकोचा मास्तर: मी काकांच्या बाजूने. पोरांना कामाला लावा. कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा विषय निघाला तेव्हा लोक विरोधाला उभे राहिलेच ना, तिथे न्या मुलीला. हात चालले की डोकं शांत होतं, सोप्पंय.

मानसशास्त्राची विद्यार्थिनी: सर, इतकं सोपं नाहीये ते. स्वीडनच्या मारिया ओयाला यांनी 12 वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला होता, 2012 ला आला तो. त्यात जी मुलं 'मी काय करू शकतो' यातच गुंतलेली होती ती पर्यावरणासाठी झटत होती हे खरं, पण अस्वस्थपण त्यांच्यातच जास्त दिसलं. सावरत होती ती, ज्यांना वाटत होतं की आपल्यासोबत आणखी माणसं आहेत, मोठ्यांवर थोडा भरवसा ठेवता येतो. आणि चैन म्हणाल तर 2021 चा लॅन्सेटवाला (वैद्यकीय नियतकालिक) हवामान बदलाच्या काळजीचा सर्व्हे बघा, 10 देश, भारत धरून, 16 ते 25 वयाचे 10,000 जण, 59 टक्के खूप किंवा प्रचंड काळजीत. 45 टक्क्यांहून जास्त जण म्हणाले की रोजच्या जगण्यावर परिणाम होतो.

निफाडचा बागायतदार: तो सर्व्हे ऑनलाइन झालेला. आमच्या मळ्यात कोण आलं होतं विचारायला?

अकरावी सायन्स: मी बोलू का, विषय आमचाच चाललाय म्हणून 😅 दर 5 जूनला आमच्याकडून 'पृथ्वी वाचवा'ची चित्रं काढून घेतात आणि सांगतात, तुम्हीच उद्याचे आधारस्तंभ. चीड येते त्याची. म्हणजे बिघडवलं तुम्ही, निस्तरायचं आम्ही, वर सीईटी पण द्यायची. रिद्धिमा पांडे 9 वर्षांची असताना 2017 ला हवामान बदलावरून सरकारविरुद्ध हरित लवादात गेली होती, 2019 ला ती केस फेटाळली. हे वाचल्यावर मास्तर काका, झाड लावून काय शांत वाटणार? मला बरं वाटलं ते एकदाच, पप्पा गाडी चालवताना सहज म्हणाले की यार पावसाचं आता मलाही काही कळेनासं झालंय. बस एवढंच. त्या रात्री झोप लागली.

सिडकोचा मास्तर: चित्रकलेचं मान्य. आमच्या शाळेत परीक्षक मीच असतो.

मिसळ एके मिसळ: आमच्या वेळी टेन्शन आलं की पाठीत धपाटा मिळायचा, गेलं टेन्शन.

गंगापूररोडची आई: गेलं नाही हो, धपाट्याच्या भीतीने सांगायचे बंद झालात. बागायतदार दादा, एक विचारू? पोरगा ओट्यावर जाऊन बसतो तेव्हा तुम्ही कुठे असता?

निफाडचा बागायतदार: मी पण तिथेच असतो. कोपऱ्यात. तो मोबाईलवर रडार बघतो, मी आभाळाकडे. बोलत कुणीच नाही, बोलून काय ढग परत जाणार आहे? त्याची आई ताटावर ताट झाकून ठेवते दोघांची.

आज संध्याकाळी भरून आलंय इकडे. बघतो विचारून काहीतरी. एसीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे ताई.