२२ हजारांत लॅपटॉप: टॅली चालेल का, रॅम वाढेल का?

माढेकर:
मुलगी बारावी कॉमर्सला आहे. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) क्लास लावलाय, शिवाय मराठी ३० टायपिंगची (मिनिटाला ३० शब्द) परीक्षा द्यायचीय. बजेट २२ हजार, ओढूनताणून २४. दुकानदार एक नवा ११ इंची दाखवतोय: सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, विंडोज ११. "जागा कमी पडली तर मेमरी कार्ड टाका" म्हणतो. घ्यावा का?

रात्रपाळी_आयटी:
विंडोज ११ ची किमान अटच ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज आहे. म्हणजे हा काठावर पास. मी तरी घेणार नाही.

दुरुस्तीवाला_सोलापूर:
टॅलीची काळजी सोडा, ते हलकं असतं. अडणार ते विंडोजचं. ६४ जीबीचे विंडोजमध्ये ५९ च्या आसपास दिसतात, त्यातली बरीचशी जागा ते स्वतःच खातं. मोठा अपडेट आला की जागा नाही म्हणून अडून बसतं. कार्डावर फोटो, पीडीएफ खुशाल ठेवा, पण अपडेटला जागा लागते सी ड्राइव्हवर. आणि हे ६४ जीबी म्हणजे ईएमएमसी, बोर्डावरच सोल्डर केलेली स्टोरेजची चिप. असे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात, गिऱ्हाईक म्हणतं, "एसएसडी टाकून द्या." एसएसडी म्हणजे वेगळं बसवायचं स्टोरेज, ते टाकू कुठे? खालचं झाकण काढलं की बॅटरी, तळहाताएवढा बोर्ड, बाकी रिकामा डबा.

रॅमचं दुकानातच बघा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' लिहिलेलं असेल तर विषय संपला, ती रॅम बदलता येत नाही. 'एसओडीआयएमएम' असेल तर काढता-घालता येते.

विंडोज 'एस मोड'मध्ये (त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरची अ‍ॅप्स चालतात) असेल तर टॅली इन्स्टॉलच होणार नाही. तो मोड फुकटात बंद होतो, पुन्हा चालू मात्र करता येत नाही. करायचाय कुणाला म्हणा.

मला विचाराल तर याच पैशांत वापरलेला ऑफिसचा लॅपटॉप शोधा. थिंकपॅड टी४८० किंवा लॅटिट्यूड ५४९०, इंटेलचा आय५ प्रोसेसर, आठवी जनरेशन, रॅमचे दोन स्लॉट. सहावी-सातवी जनरेशन स्वस्तात गळ्यात मारतात, ती घेऊ नका: त्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी रिपोर्ट काढायला लावा, मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही दिसतात.

माढेकर:
घरातून वापरलेल्याला ठाम नकार आहे. नवाच घ्यायचा तर? टायपिंगचं काय?

दुरुस्तीवाला_सोलापूर:
मग एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला मिळतो का बघा. एन४०२० दोन कोरचा, एन१०० चार कोरचा, रोजच्या वापरात फरक जाणवतो. टायपिंगला साधा यूएसबी कीबोर्ड घ्या. परीक्षेला डेस्कटॉपचा मोठा कीबोर्ड असतो. ११ इंचीवर बसलेली बोटं तिथे चुकतात. टॅलीचं लायसन्स शिकण्यापुरतं नकोच. एज्युकेशनल मोड फुकट आहे, फक्त एंट्री महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेलाच पडते.

माढेकर:
दुकानदार खोक्यातला पीस चालू करून दाखवायला तयार नाही.

दुरुस्तीवाला_सोलापूर:
मग दुसरं दुकान बघा की.