दहावी झाली, लेकीला दवाखान्यातच काम करायचंय. अकरावीला काय घ्यावं?

देवगडची_आई
लेक यंदा दहावी पास झाली, सेमी-इंग्रजीतून. डॉक्टरच व्हायचंय असं नाही म्हणत. नर्सिंग, लॅब, काहीही चालेल, पण दवाखान्यातच. घरात दोन तट पडलेत. हे म्हणतात कोल्हापूरला नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासला टाकू. सासूबाई म्हणतात, पोरीला एवढ्या लांब कशाला? आमचं घर आंब्यावर चालतं, फीचा विचार करावाच लागतो. जाणकारांनी सांगा.

कातळावरची_सिस्टर
ताई, मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. सायन्स घ्या आणि बायो सोडू नका, बाकी नंतर ठरेल. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, आर्ट्सवालीही चालते, ३ वर्षं. बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो आणि इंग्रजी लागतंच. प्रवेशाला राज्याची वेगळी सीईटी असते. जमत असेल तर डिग्रीच करा, पुढे बढतीला बरं पडतं.

पण क्लासचे पैसे भरण्याआधी तिला वॉर्ड दाखवा. आमच्याकडे फुरसं (विषारी साप) चावलेला माणूस आला की त्याचं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं ठेवतो. नळीला हात लावायचा नाही. मग एकदाच आडवी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय, विषावरची लस सुरू. तेवढा वेळ नातेवाईक डोक्यावर उभे, 'सिस्टर, कायतरी करा ना!' हे बघूनही जिला तिथून हलावंसं वाटत नाही, तिनं खुशाल यावं. ओळखीच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टरांना विचारून बघा.

गजालीकार
चेडवाक काय व्हया ता आधी तिकाच इचारा. सासूबाई मागसून.

चिपळूणकर_पुण्यात
नीटला एवढं घाबरू नका. बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएसही (होमिओपॅथी) नीटवरच आहे. ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे, एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न् ओळ वाचायची. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, तेव्हा ठोकताळे नकोत. आणि आता सिंधुदुर्गनगरी, रत्नागिरी दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आमच्या वेळी कुठलं काय!

देवगडची_आई
आभार सगळ्यांचे. एक संस्था दहावीवरच वर्षभरात लॅबचा डिप्लोमा देते म्हणे, नोकरीची हमी पण. घ्यावा का?

कातळावरची_सिस्टर
हमी म्हटलं की दोन पावलं मागे या. सर्टिफिकेट कोणत्या बोर्डाचं, त्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हे लेखी मागा. टाळाटाळ केली तर विषय संपला.

आणि आरक्षणातून प्रवेश घेणार असाल तर जात पडताळणीचा अर्ज ज्युनिअर कॉलेजातूनच टाका. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणारे दरवर्षी बघते. आजोबांचा शाळेचा दाखला आत्ताच शोधायला घ्या, त्यालाच सगळ्यात वेळ लागतो.