मदत हवी आहे : सात महिन्यांची धाकटी आणि अडीच वर्षांचा थोरला, संध्याकाळचं जेवण एकत्र कसं जमवावं?

संध्याकाळी सात ते साडेआठ दोन्ही मुलं माझ्याकडे असतात. खिचडी एकाच कुकरमध्ये लावतो : अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चार शिट्ट्या. मीठ घालण्याआधी धाकटीचा वाटा काढून पळीने घोटतो, वर अर्धा चमचा तूप. मिक्सरमधून काढली तर चिकट होते आणि ती तोंडातून बाहेर ढकलते. चमचा कलता केल्यावर ओघळू नये इतकी दाट ठेवली की नीट गिळते. थोरल्याच्या वाट्याला मीठ आणि जिऱ्याची फोडणी.

स्वयंपाक जमतो, भरवणं नाही. तिला भरवायला घेतलं की यालाही भरवून हवं असतं, एरवी हाताने जेवतो. शिवाय प्रेमाने आपल्या ताटलीतलं तिच्या तोंडात घालतो. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकतात, म्हणून तिच्यासमोर ती देणंच बंद केलंय. पण कच्च्या गाजराचा तुकडाही तितकाच धोक्याचा, आणि नजर दोघांवर एकदम राहत नाही.

तिला आधी, सात वाजताच भरवावं का? की त्याच्या हाती मऊ चमचा देऊन, माझ्या देखरेखीखाली दोन घास भरवू द्यावेत? दोन लहानग्यांना एकट्याने सांभाळणाऱ्या बाबांनी बसण्याची जागा, वेळ आणि क्रम नेमका सांगावा. उंच खुर्ची एकच आहे, दुसरी ठेवायला जागा नाही.